त्र्याहत्तर पुस्तकं आणि ह्यांचे डोळे

३ जानेवारी, शुक्रवार

नऊ महिने. फार तर दहा. डॉक्टर इतक्या सहज म्हणाले, जसं काही बुटाच्या तळव्याबद्दल बोलत होते! ह्यांचा डावा डोळा वाचण्यापुरता गेलाच आहे. उजव्याच्या मधोमध डाग पसरतोय. "इंजेक्शनं देऊ. चालता-फिरता येईल, कडेचं दिसत राहील. वाचन मात्र..." आणि खांदे उडवले. माझ्या वर्गात असे खांदे उडवणाऱ्याला मी बाहेर उभं केलं असतं.

चाळीस वर्षं ह्या माणसाने नकाशे काढले. केसाएवढ्या रेघा!

येताना हे जिन्यात मधेच थांबले. मला वाटलं दम लागला. म्हणाले, "एकदा बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचंय. माझ्या डोळ्यांनी. तू सोबत बस."

४ जानेवारी, शनिवार

लग्नात मिळालेलं बायबल काढलं. त्रेचाळीस वर्षांत त्यात काय साठलं? दोन पोरांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा आणि स्वेटरचा एक नमुना. लाज वाटली. पण माझी एकटीची चूक नाही! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर धर्माची प्रश्नोत्तरी घोकून घेत, अडखळलं की पट्टी. बायबल काचेच्या कपाटात, किल्ली मोठ्या सिस्टरांच्या कमरेला. मुलींच्या हाती दिलं तर भलतंसलतं विचारतील म्हणे! म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मला उत्तरं सगळी येतात, पुस्तक वाचलेलं नाही.

अक्षर मुंगीएवढं. हे भिंग घेऊन बसले, दोन ओळींत कपाळावर घाम. मोठ्या अक्षरांच्या दोन प्रती मागवल्या.

लेकीचा फोन — "आई, बाबांना मोबाइलवर ऐकव ना. सोपं पडेल." म्हटलं, त्यांना अजून डोळे आहेत, तू आत्ताच काढून घेऊ नकोस. तिने फोन ठेवला. उगाच तोडलं पोरीला.

७ जानेवारी, मंगळवार

फादरांकडे गेले. कोणत्या क्रमाने वाचावं, रोज किती, काही आखणी आहे का? नवे फादर, हसरे, दाढीवाले. लगेच ड्रॉवरमधून गुलाबी पुस्तिका काढली. 'विवाहित जोडप्यांसाठी — सात आठवडे'. रोज चार ओळी, खाली एक प्रश्न. "आज जोडीदाराची एक आवडती गोष्ट सांगा."

"फादर, आम्ही नवरानवरी नाही."

"बाई, प्रेम कधी जुनं होतं का?"

"डोळे होतात," मी म्हणाले.

घरी हे मात्र पुस्तिका घेऊन बसले. प्रश्नाचं उत्तरही दिलं — "ही दार असं आपटते, की घरात कोण आलं ते विचारावं लागत नाही." हीच आवडती गोष्ट! पुस्तिका रद्दीत टाकली.

१० जानेवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांचा तक्ता दिला. एका वर्षात बायबल. रोजच्या रकान्यात अध्याय, पुढे खूण करायला चौकोन. हे मला पटलं! आज सुरुवात. सकाळी चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात. हे मोठ्याने वाचतात, मी माझ्या प्रतीत बोट ठेवते.

पण बारा महिन्यांचा तक्ता. डोळे नऊ महिन्यांचे. सारखं तेच मनात येतं.

२१ जानेवारी, मंगळवार

फसवणूक! तक्त्यातली पुस्तकं मोजली. सहासष्ट. पुन्हा मोजली. सहासष्टच! आपली कॅथलिकांची त्र्याहत्तर. सात पुस्तकं कुठे गेली? तोबीतचं पुस्तक नाही, यहूदीतचं नाही, मक्काबींची दोन्ही नाहीत. तशीच जिना चढून वर गेले. शिंपीणबाई प्रोटेस्टंट. तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या, "आमच्या प्रार्थनामंदिरात एवढीच असतात. तुमच्याकडे जास्त असतील तर ती तुम्ही घातलीत, बाई."

"घातलेली नाहीत! तुम्ही काढलीत!"

"मी? मी टाके काढते, बाह्या काढते. बायबलला हात नाही लावला हो."

हसू आलं, पण दाखवलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "वरच्यांना आधी सुट्टी मिळते म्हणायची." बारा दिवस दुसऱ्यांच्या तक्त्यावर गेले. कॅथलिक बाईने एवढंसुद्धा पाहू नये? सिस्टरांनी पट्टी काढली असती.

२२ जानेवारी, बुधवार

बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी केलं. एकोणतीस शिक्षक, अठरा वर्ग, एक प्रयोगशाळा, आणि गणिताच्या सरांना शनिवारी तास नको. ह्यापुढे बायबल ते काय! फूटपट्टी घेऊन बसले. त्र्याहत्तर पुस्तकं, रोज सहा अध्याय. ऑगस्टअखेर संपतं. डाग पोहोचायच्या आत आपण पोहोचतो.

ह्यांनी तक्ता नाकाजवळ धरून पाहिला. "मधली सुट्टी ठेवली नाहीस का, हेडबाई?"

२८ जानेवारी, मंगळवार

लेवीयाचं पुस्तक. बैलाची चरबी, शेळीची चरबी, मूत्रपिंडावरची चरबी. ह्यासाठी का डोळे खर्च करायचे! पण वगळणार नाही. वगळून शिकवणाऱ्यांची मला चीड आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आता गणनेचं पुस्तक. नावंच नावं, ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. हे अडखळतात. ओळ सुटते, पुन्हा मागे जातात. दोन अध्यायांत डोळ्यांतून पाणी. काल चारच झाले, आज तीन. म्हणजे पाच मागे. तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवलं.

डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिलाय. रोज एक डोळा झाकून त्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या तर फोन करायचा. मी विचारते, "सरळ आहेत?" हे म्हणतात, "सरळ आहेत." फार पटकन म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

भांडण. मी म्हणाले, आज नऊ अध्याय घेऊ, मागचं भरून निघेल. ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू मला परीक्षेला बसवलंयस."

"मी? वाचायचंय असं कोण म्हणालं होतं? जिन्यात?"

"म्हणालो होतो. सोबत बस म्हणालो होतो. घड्याळ घेऊन बस नव्हतो म्हणालो." मग हळूच, "आणि नापास झालो तर काय करशील?"

मी दार आपटून बाहेर गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचन नाही. ह्यांनी चहा ओतला तो बशीत पडला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तांबडी पेन्सिल फेकून दिली. ह्यांना म्हटलं, एक अध्याय वाचा, नाहीतर अर्धा. "मॅडम आजारी आहेत का?" असं भिंतीला विचारलं ह्यांनी. भिंतीने सांगितलं नाही. मीच सांगितलं — घाबरले आहे. वाचन संपण्याआधी वाचणारा संपेल असं वाटतं. ह्यांनी माझा हात टेबलावर दाबून ठेवला, बराच वेळ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुसरं इंजेक्शन. दवाखान्यातल्या बाकावर हे म्हणाले, "गणना राहू दे. येशूचं शुभवर्तमान घेऊ. तिथे मला बरं वाटतं." क्रम मोडायचा? माझ्या जिवावर आलं. पण हो म्हणाले. आणि आता मी प्रत उघडून बसायचं नाही, असंही ठरलं. "तू बोट ठेवलंस की मला छडी दिसते." मी नुसतं ऐकायचं. हातांना चाळा म्हणून वाटाणे सोलते.

६ मार्च, गुरुवार

चमत्कारच! गेले दहा-बारा दिवस ह्यांचं वाचन सुधारत होतंच, पण आज उधळ्या मुलाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचली. एकदाही अडखळले नाहीत. डोळ्यांना पाणी नाही, भिंग नाही. परत आलेल्या पोराकडे बाप धावत जातो तिथे आवाजसुद्धा कापरा झाला. माझे वाटाणे तसेच राहिले.

इंजेक्शन लागू पडलं! लेकीला फोन केला, मागच्या बोलण्याची माफीही मागितली. ती रडली, मी रडले. हे आतून ओरडले, "कोण वारलं?"

मला वाटतं डोळे ऑक्टोबरच्या पुढेही टिकतील. गणना पुन्हा घेता येईल. सातही पुस्तकं होतील. आज दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

७ मार्च, शुक्रवार

ती गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटली, म्हणून हे बाहेर गेल्यावर माझी प्रत उघडली. काल ऐकलेले शब्द त्यात नाहीत. हा नवा अनुवाद आहे, वाक्यंच वेगळी. ह्यांनी म्हटले ते शब्द रविवारी चर्चमध्ये मिस्सात वाचतात ते, लहानपणापासून कानांवर पडलेले. समोर पान होतं. बोट ओळीवरून नीट सरकत होतं.

लेकीला काय सांगू?

तक्ता फाडला. नवा केला. मिस्सात वाचतात तेवढेच उतारे, ह्यांना पाठ असलेले. ह्यांना सांगणार, फादरांनी आखून दिलाय. खोटं आहे. आणि पापकबुलीला मी ते सांगणार नाही.