वल्ह्यासारखा हात

३ मार्च
आज नोकरी लागली, तीही एकाहत्तराव्या वर्षी! शिवणाचं दुकान बंद केल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. प्रयोगशाळेतल्या बाईंना बारीक कामाचा माणूस हवा होता. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडायची, आतल्या इवल्याशा गर्भावर मोहरीहून लहान मणी सुईने ठेवायचा, वर चिकटपट्टी लावायची. हात थरथरतील या काळजीने घरी दोनदा चहा सांडला. तिथे मात्र एक मणी हलला नाही. बायको म्हणाली, म्हातारपणी कोंबड्यांची दाई झालात.

७ मार्च
बाईंनी यंत्राखाली पेशी दाखवल्या. त्या शेजारणीचा हात सोडून सरपटत निघतात आणि जागेवर पोचल्या की कुणाचं हाड होतं, कुणाची नस. गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मधल्या पेशी मरतात तेव्हा बोटं सुटतात. मण्यात भिनवलेल्या औषधाने पेशी आपलं काम विसरतात आणि पुन्हा हिंडू लागतात. मी सातवी नापास, पण एवढं कळलं. माझ्या पेशी आता हिंडत नाहीत ना, असं विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही केव्हाच शिवून तयार झालात, आता कसली काळजी!

११ मार्च
चूक झाली. पन्नास वर्षं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, तसं आज सुईचं केलं. मणी सुईवरच होता. लक्षात आलं तेव्हा गिळून झाला होता. बाईंना सांगितलं नाही. काढून टाकतील.

१४ मार्च
मनगटावरचा तीळ कोपरापाशी सापडला. बायको म्हणते, चष्मा बदला. चष्मा ठीक आहे.

१६ मार्च
उजवी करंगळी शेजारच्या बोटाला जोडली गेली. बाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, इथेच राहा, रोज बघत जाऊ. म्हणजे आता मला खिडकी पाडणार! साफ नाही म्हणालो. या बोटांनी दोन्ही पोरींच्या लग्नाचे कपडे शिवलेत. ती मी कुणाला देत नाही.

१७ मार्च
कात्रीने बोटं सोडवली. रक्त आलं नाही. बायको रडत बाहेर गेली. दुपारी बघतो तर पुन्हा —

१८ मार्च
तीनदा कापली. आता चारही जोडलेली. डाव्या हाताने लिहितोय. हिंडा लेकांनो. मीही थकत नाही.

२० मार्च
दोन्ही हात वल्ही. पेन मुठीत — मूठ कुठली — दोन पंजांत दाबून. बायकोला कापायला सांगितलं. म्हणाली, अहो, कुठे कापू, कडाच दिसत नाही. बाईंची गाडी दारात आलीय. बायकोला कडी लावायला लावली.

२१
पेन ओठांत धरून. अक्षर वाकडं, पण माझं. बाहेरून बाई म्हणतात, काका, नुसतं हो म्हणा. नाही म्हणणार. ओरडून सांगतो — आधी पेन काढतो — निघत नाही — ओठ पेनाभोव