कायद्याचं कात्रण

धुळे,
शनिवार, १२ फेब्रुवारी १९९४

प्रिय कुंदा,

सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, त्याला तब्येत वगैरे कारण नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो. तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः हल्ली कुरकुरत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

तू पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण मी महिनाभर खिशात घेऊन फिरलो. लहान उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही तर व्याज द्यावं लागेल, तेही महिन्यामहिन्याला चढणारं. दहादा वाचलं. पिंपळनेरच्या रस्त्यावरच्या सात मोऱ्या बांधून मला दीड वर्ष झालं. त्यांच्यावरून एस्ट्या जातात, उसाचे ट्रक जातात, आणि ज्याच्या नावावर ते सरकारी कंत्राट आहे तो शेठ अजून सांगतो की वरून बिल निघालं नाही. बिल केव्हाच निघालं, हे बांधकाम खात्यातल्या शिपायालाही ठाऊक आहे. दिलवरसिंगच्या टोळीची मजुरी मात्र मी एकाही आठवडी बाजाराला थकवली नाही. सातपुड्यातून पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसांना शेठच्या बिलाची गोष्ट काय सांगणार? त्यात तुझ्या आईच्या गळ्यातली सोन्याची पोत गेली, ते तुला माहीत आहे. म्हणून कात्रण आलं तेव्हा मी तिला म्हटलं, पोरीने बापाला हत्यार पाठवलं.

आनंद पोटात मावेना, तिथेच चुकलो. नरडाण्याला निंबाच्या पाइपांच्या कारखान्यात गेलो आणि सगळ्यांसमोर ते कात्रण मोठ्याने वाचून दाखवलं. मोऱ्यांचे सिमेंटचे पाइप त्याच्याकडूनच उधारीवर घेतले होते. आमच्या धंद्याची रीतच ती. खात्याने शेठला द्यायचं, शेठने मला, मी निंबाला, आणि तोवर सगळ्यांनी चहा पीत बसायचं. निंबाने कात्रण मागून घेतलं, झेरॉक्स काढली. मला वाटलं, चला, त्याच्याही उपयोगी पडेल.

मग वकिलांकडे गेलो. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, हा कायदा नोंदणी झालेल्या लहान कारखान्यांचा आहे, मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली मोऱ्या बांधणारा पेटी कंत्राटदार त्यात येत नाही. करार विचारला. करार म्हणजे शेठ ओट्यावर बसून म्हणाला, देवचंद, सात मोऱ्या तुझ्या, एवढाच. मोजमापाच्या पुस्तकात तुमचं नाव आहे का, असंही विचारलं. तू नऊ वर्षांची असताना मी तुला साइटवर टेपचं टोक धरायला नेलं होतं, आठवतं? खात्याच्या साहेबांनी आकडे लिहिले आणि तू पुस्तकात डोकावून विचारलंस, आबा, तुमचं नाव कुठे लिहिलं? मी हसलो होतो. पुस्तकात शेठचंच नाव असतं, पेटीवाल्याचं नसतं, यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. तू मात्र त्या रात्री जेवताना वकील होणार म्हणालीस.

पंधरा दिवसांनी नोटीस आली, निंबाची. त्याच कायद्याखाली, व्याजासकट. त्याचा कारखाना नोंदलेला आहे, आणि माल घेणारा मी, पावत्यांवर सही माझी. मी गेलो तर मान वर करेना. "भाऊ, मना दारमा बँक उभी शे, मी तरी काय करू?" एवढंच म्हणाला. राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस फार आला. पण त्याचे पाइप त्या रस्त्याखाली आहेत आणि त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. कायदा चांगलाच आहे गं. फक्त तो शेठपर्यंत पोचला नाही, माझ्या दाराशी येऊन थांबला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू शेठवरच्या दाव्याचा मसुदा केलास आणि बिस्किटाच्या डब्यातल्या हिशोबाच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन जळगावला या म्हणालीस. मी येणार नाही. मंगळवारी मी शेठच्या ओट्यावर रेव्हेन्यू तिकिटावर सही करून आलो, की सात मोऱ्यांचे पूर्ण पैसे मिळाले, काही येणं नाही. त्याने निंबाच्या मुद्दलाएवढे दिले, ते मी तसेच नरडाण्याला पोचते केले, आणि निंबाने व्याज सोडलं. बाकी चौरेचाळीस हजार गेले. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात पहिल्याच ओळीत माझं नाव होतं. सोमवारपासून मी दोंडाईच्याला शेठच्याच गोदामावर रोजाने गवंडी म्हणून जाणार आहे. नंदुरबारला मावशीकडे जाताना कधी गाडीतून तुला परांचीवर तुझा बाप दिसला, तर ते आधी माझ्याकडून कळलेलं असावं, म्हणून हे पत्र. तुझी लॉ कॉलेजची फी त्यातूनच येईल, परीक्षेचा फॉर्म भर. शेठ गवंड्यांची मजुरी दर शनिवारी देतो, चुकवत नाही. मजुराची मजुरी अडवून ठेवता येत नाही, असा फार जुना कायदा आहे, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या कायद्यात आता मी बसतो.

तुझाच,
आबा