पलंगाखालचा डोक्याकडचा खाना

सेक्टर ६, भिलाई
२४ ऑक्टोबर २०२५

ती. सिंधुताईले गयाचा शि. सा. न.

तुमाले फोनवर ऐकू येत नाही अन् मले ओरडता येत नाही, म्हणून लिवून राहिली. चुकलं तर समजून घ्या, चवथीतच शाळा सुटली माझी.

तुमच्या भावाची गाडी आवरायले घेतली. रिटायर झाल्यावर जुनी मिनीबस आणून हथखोजच्या वर्कशॉपात त्यायनं तिचं घर केलं, ते तुमी पाहिलंच नाही. पलंग असा वेल्डिंग मारून जाम केला का हत्ती लावला तरी हलत नाही. त्याच्याखाली तीन खाने, मधात फळ्या, वर प्लायची झाकणं. पायाकडं जॅक, पाना, पाण्याचे डबे. मधल्यात चादरी, ब्लँकेटं. डोक्याकडच्यात भात शिजवायचा गंज, कढई, तांदळाचा डबा. तिथंच कोपऱ्यात यायच्या अस्थीचा लोटा हाये.

श्रावणात हे गेले तवा वैनगंगेचा घाट पाण्याखाली, अन् गावच्याच घाटावर सोडा म्हणून सांगून गेलेले. अस्थी घरात घेत नाही म्हणून लोटा पेरूले बांधला, तर वांदरं गाठ ओढून राहिले. मग पोरानं, शुभंकरनं गाडीत ठेवला. गाडी काही घर नाही.

आता ऐका. तांदळाचा डबा ठेवते, झाकण लावते, चहा पिऊन येते. डबा मधल्या खान्यात, ब्लँकेटवर. मधात फळी हाये, डब्याले पाय नाहीत. पोरगा म्हणते गाडी उतारावर हाये. चाकाखाली विटा लावल्या, तरी तेच. जिवंतपणी तरी यायले माझी मांडणी कधी पटली का? मी भेत नाही, मले राग येऊन राहिला.

सामान बसलं का यायले घेऊन घाटावर निघतोच. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची भावजय,
गया

तिरोडा
१ नोव्हेंबर

चि. गयाले सिंधूचे पोटभर आशीर्वाद.

गाडी घर नाही म्हणतं? मागच्या साली देवरावनं त्याच गाडीत गॅसवर दूध उतू घातलं, पायरीवर नारळ फोडला, मले पेढे पाठवले. झाली ना वास्तू? म्हणजे अस्थी घरातच घेतल्या तुमी. घराचा मालक घरात आला, अन् तू त्याच्या उशाशी तांदूळ भरून राहिली. सरकवणारच तो.

पाणी कवाच उतरलं. घाट मोकळा हाये, माझा भाऊच तेवढा अडकला हाये. पुरानं मले त्याचं तोंड पाहू देल्लं नाही. रोज सांजच्याले रस्त्याकडं पाहून राहिली मी.

एक विचारू का? तुझे खाने भरतच कावून नाहीत? लग्नघरची कोठी एका सकाळी लावणारी बाई तू. रागावली तर रागाव. कार्तिक सरायच्या आत आण त्याले.

नातवंडायले माझा मुका दे, अन् तब्येतीले जप.

सिंधू

सेक्टर ६, भिलाई
८ नोव्हेंबर

ती. सिंधुताईले गयाचा नमस्कार.

तुमी लय खोचक लिवता. दोन दिवस उत्तर द्यायचं नव्हतं मनात.

काल कढई सरकली. मी म्हणलं, मंग कुठं ठेवू, तुमीच सांगा. म्हणलं, आयुष्यभर बायकोच्या कामात नाक खुपसलं, आताही चैन नाही. पलंगावर बसून दुपारभर भांडली. शेजारची गीतांजली दारातून विचारते, काकू कोणाशी बोलून राहिल्या. मी म्हणलं मोबाईलवर. मोबाईल घरात चार्जिंगले लावलेला.

ताई, क्वार्टरात मले कोणी उलटून बोलत नाही. पोरगा हो म्हणते, सून हो म्हणते, भाजी खारट झाली तरी चुपचाप खातेत. उशीर सामानानं नाही, मीच करून राहिली. भेव वाटते तर फक्त याचंच, का लोटा गेला का हेही जातील.

पण तुमी पाठची नाही, त्यायच्या आधीची बहीण. तुमचा हक्क माझ्याआधीचा. येत्या शनिवारी निघतो.

या भावजयीले पदरात घ्या.

गया

सेक्टर ६, भिलाई
२४ नोव्हेंबर

ती. सिंधुताईले गयाचा शि. सा. न.

सुखरूप पोचलो. घाटावर तुमी लोट्याले नुसता हात लावला अन् परत सोडायले माझ्याच हातात देल्ला, ते मी विसरणार नाही. तुमच्या जागी मी असती तर देल्ला नसता.

येताना गाडी गड्ड्यायनं आदळत आली. भिलाईत शिरल्यावर सुपेल्याच्या गर्दीत तर शुभंकरनं असा ब्रेक मारला का मी सीटवरून घसरली. घरी येऊन झाकण उघडलं. डबा जाग्यावर, कढई जाग्यावर, गंजाचं झाकणही पडलं नव्हतं. शुभंकर म्हणते, पाहा आई, जमली ना तुले पॅकिंग.

तवापासून रोज दुपारी जाऊन पाहते. जसं ठेवलं तसं. तुमी म्हणता मोकळा झाला, तर झाले असतील. त्यायच्यासाठी चांगलंच हाये, मी नाही म्हणत नाही.

पण काल मीच तांदळाचा डबा उचलला, मधल्या खान्यात ब्लँकेटवर ठेवला, झाकण लावलं, म्हणलं आता तरी उलटं करतील, अन् घरात आली. आज जाऊन पाहिलं.

मी ठेवला तिथंच होता.

ताई, पत्र लिवत जा. नुसतं टोचून लिवलं तरी चालते.

तुमची,
गया