मंडळाच्या इतिहासातलं एक वाक्य

तात्या,

आपलं ग्रंथपालांचं मंडळ बंद होतंय. इंदापूरच्या बँकेत सध्या जो ग्रंथपाल आहे तोच आता मंडळाचा चिटणीस. परवा त्याचा फोन आला. "मॅडम, आता आपुन तिघंच उरलोय. नोंदणी रद्द करायचा अर्ज देतोय. त्याला दोन पानं इतिहास जोडू म्हणतो. जुनं माणूस तुमीच हाय, तुमीच लिवा." मी म्हटलं, अरे बाबा, मला रिटायर होऊन चार वर्षं झाली, गुडघे धड राहिले नाहीत. तर म्हणतो, "गुडघ्यानं कुठं लिवायचंय?" आहे की नाही आगाऊ! तुमच्या हाताखाली शिकला नाही, तरी बोलणं तुमचंच. मग काय, मेथी निवडायची बाजूला सारली आणि बसले लिहायला. कंटाळा इतका आलाय म्हणून सांगू, या लिहिण्याचा नाही, एकूणच.

सुरुवात सोपी गेली. साखर कारखान्यातले तुम्ही, डेअरीतली मी, इंदापूरच्या बँकेतले आबा आणि बावड्याच्या खरेदी-विक्री संघातल्या बाई, असे आपण चौघं. आपल्या ग्रंथालयांत कादंबरी औषधालाही सापडायची नाही. निविदा, बाजारभाव, कंपन्यांचे अहवाल, यंत्रांची माहितीपत्रकं, सगळा असला रुक्ष माल. गावातले वाचनालयवाले आपल्याला ग्रंथपाल मानत नव्हते आणि साहेब लोकांना आपण रद्दीवाले वाटायचो. म्हणून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकेकाच्या ग्रंथालयात जमायचं ठरलं. फिरतं कार्ड ही तुमच्या डोक्यातली गोष्ट. आपल्याकडं उत्तर सापडलं नाही की प्रश्न कार्डावर लिहायचा आणि दुधाच्या टँकरबरोबर पुढच्या ग्रंथालयात धाडायचा. तिथंही नसेल तर कुठली कुठली पुस्तकं उघडून पाहिली ते लिहायचं, खाली ‘नाही’ लिहून सही करायची, कार्ड पुढं. माझ्याकडं आलेल्या पहिल्याच कार्डावर मी नुसतं ‘नाही’ लिहून मोकळी झाले होते. तुम्ही ते कार्ड घेऊन मोटारसायकलवरून थेट डेअरीत आलात आणि चार क्लार्कांसमोर मला विचारलंत, "पोरी, ह्ये न्हाय कुणाचं हाय? कपाटाचं का तुजं? कपाट न्हाय म्हणलं तर ठीक. आपुन उगं न्हाय म्हणलं तर त्या माणसाची वाटच बंद हुती." मला असा राग आला की दुपारी डबासुद्धा उघडला नाही. हे सगळं मी इतिहासात लिहिलं, रागाचं सोडून.

पुढं तुमचं ग्रंथालय बंद कसं झालं ते लिहायचं होतं. चिटणीसानं कच्च्या कागदावर आधीच एक वाक्य लिहून पाठवलंय, ‘वाचक कमी झाल्यामुळे सदर ग्रंथालय बंद करण्यात आले.’ वाचक कमी? तुमच्याकडं? पाळी सुटली की फिटर, बॉयलरवाले, शेतकी खात्यातली माणसं तेलकट हात पँटीला पुसत दारात उभी असायची, आणि तुम्ही "हात धू, मग पुस्तक माग" म्हणून त्यांना नळावर पिटाळायचात. ते वाक्य वाचून मी पेन खाली ठेवलं. खरं कारण माहीत असलेली मी एकटीच उरलेय. तुम्हालाही माहीत होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही.

तुमचं शेवटचं कार्ड. मळी साठवायच्या टाकीची मानकं हवी होती, संचालकांच्या बैठकीआधी. असल्या मानकांच्या पुस्तिकांचा जुना गठ्ठा आमच्या मागच्या खोलीतल्या कपाटात होता, आणि त्या कपाटापुढं स्टोअरवाल्यानं दूध पावडरीची पोती छतापर्यंत रचली होती. मी त्याला म्हटलं, पोती सरकव. तो म्हणाला, "उद्या सरकवतो, बाई. आज माणसं न्हाईत." बाहेर टँकर उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. माझी कंबर धरलेली, सकाळपासून तपासणीवाल्यांनी जीव खाल्लेला. तात्या, मी काय केलं ठाऊक आहे? न उघडलेल्या तीन पुस्तकांची नावं आठवून लिहिली, खाली ‘नाही’ लिहिलं आणि झोकात सही ठोकली. आठ दिवसांनी पोती हलली. कपाट उघडलं तर पुस्तिका वरच्याच गठ्ठ्यात. तोवर बैठक होऊन गेली होती. "चार ग्रंथालयं मिळून एक पुस्तिका सापडत नाही, मग पोसायची कशाला?" असं तिथं कुणीतरी म्हणालं, आणि तुमची कपाटं स्टोअरला गेली, तुम्ही गेटवरच्या टाइम ऑफिसला, कामगारांची हजेरी मांडायला.

पुढचा दुसरा शनिवार माझ्याकडं होता. मला वाटलं, तुम्ही येणार नाही. तुम्ही आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. चहा येईपर्यंत मागच्या खोलीत फिरत होता. मी दारात आले तेव्हा तुम्ही त्या कपाटापाशी उभे होता आणि ती पुस्तिका तुमच्या हातात होती. तुम्ही ती जागच्या जागी ठेवलीत आणि म्हणालात, "धूळ लई बसलीय हितं. पुसत जा." बस्स. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही दर महिन्याला येत राहिलात, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिलात, आणि मी दर वेळी ठरवायचे की आज सांगू. तुमच्या तेराव्याला आले तेव्हाही तुमच्या सुनेला सांगू म्हटलं, आणि श्रीखंड छान झालंय एवढंच बोलले. मला माझी लाज वाटते, तात्या.

काल ते वाचकांचं वाक्य मी खोडलं. त्याजागी लिहिलं, ‘एका सभासदाने कपाट न उघडताच नाही असे लिहिल्यामुळे पुस्तिका वेळेत मिळाली नाही, व त्यानंतर ते ग्रंथालय बंद करण्यात आले.’ फोनवर वाचून दाखवलं तसं चिटणीस म्हणाला, "ह्ये कोण वो सभासद?" मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे. तो बरं म्हणाला. ‘एका सभासदाने’ खोडून माझं नाव घालायला मी तीनदा पेन टेकवलं. हे पत्र कुणाच्या हातात पडणार नाही, म्हणून इथं सगळं लिहू शकले. ती पानं मात्र लोक वाचतील. आज सकाळी ती इंदापूरला गेली, तात्या, आणि माझं नाव मी त्यात घातलं नाही.