खाली ठेवलेला फिंजान

डॉक्टर रातिब यांनी कॉफी प्यायली त्या क्षणापासून माझं आणि या मोहल्ल्याचं सगळं फिरलं. त्याआधी मृत्युपत्र लिहायचं माझं वय नव्हतं. आजही नाही, पण कारण आहे. म्हणून मी, गैथ मुफलिह रुमैली, वय वर्षे तेवीस, काम पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हरचं, राहणार झरका, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. आई म्हणते ते जन्मापासून नव्हतं. त्यावर वाद घालायला आज वेळ नाही. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी पढवलेलं नाही. हा कागद मी अबू सिराज यांच्या केशकर्तनालयात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

शरियतप्रमाणे मला मिळकतीचा तिसरा हिस्साच मर्जीने देता येतो, बाकीचं वारसांचं. माझी मिळकत पाहता तिसरा हिस्सा म्हणजे पाइपचा तुकडा की एका पायातली चप्पल, हे काझीसाहेबांनी ठरवावं.

कलम पहिले. टँकर नायिफकाकांचा आहे. पाइप मात्र माझा, कारण काकांचा पाइप चौथ्या मजल्याच्या गच्चीला पोचत नव्हता आणि बायका वरून शिव्या द्यायच्या त्या मला, काकांना नव्हे. तो पाइप आणि पान्हे माझा मित्र मुंतसिर याला द्यावेत. अट एकच. गल्लीच्या टोकाला निळ्या दाराचं घर आहे, अबू कुसै हदारसी यांचं. त्यांच्या गच्चीवरची टाकी दर खेपेला काठोकाठ भरावी. काका म्हणतील, त्याच घरची टाकी कशी नेहमी ओसंडते आणि जिन्यावरून पाणी कसं वाहतं. वाहू द्यावं.

त्या घरात एक व्यक्ती आहे, जिच्यासाठी मी एक दिवस आमच्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार होतो. नाव लिहीत नाही. मयताचे कागद सगळा मोहल्ला वाचतो. त्या व्यक्तीशी मी कामाबाहेर एक शब्द बोललेलो नाही, तिला यातलं काही ठाऊक नाही, सगळा वेडेपणा माझ्या एकट्याचा आहे, हे इथे कायदेशीररीत्या नोंदवतो. मुंतसिर खांद्यावरून वाचतोय आणि म्हणतोय, हे खोड. खोडणार नाही.

कलम दुसरे. माझं कॉलेजचं ओळखपत्र, दोन तुकड्यांत, माझ्या वडिलांना. तिसऱ्या वर्षात निवडणुकीच्या दिवशी दोन घराण्यांची पोरं दगड घेऊन एकमेकांवर धावली. चुलतभावांनी मला फोनवर फोन केले. मी गेलो नाही, वाचनालयात बसून राहिलो. चुलतभावांनी मला बायल्या ठरवलं आणि कॉलेजने आडनाव पाहून दंगेखोरांच्या यादीत टाकलं. मी ते कार्ड डीनच्या समोर फाडलं. तेवढं फाडलं नसतं तर निभावलं असतं, असं वडील आजही जेवताना म्हणतात. बाबा, तुकडे चिकटवून बघा. फोटोत मी हसतोय.

कलम तिसरे. ऑलिव्हच्या लोणच्याचा पत्र्याचा डबा, कुलपासकट, अबू सिराज यांना. डबा त्यांचाच होता, पण आम्ही तो इतका वापरला की आता परत देतो म्हणावं लागतं.

कॉलेज सुटल्यावर मी आणि मुंतसिर शाळेच्या फाटकाशी उभे राहायला लागलो. हौस नव्हती. शाळा सुटली की रोज कोणाचं तरी डोकं फुटायचं, आणि टँकर त्या गर्दीत अडकायचा. एकदा मी चिडून दोन पोरांना कॉलर धरून अबू सिराजकडे आणलं. ते म्हणाले, मारू नकोस, तुझे आजोबा जे करायचे ते यांना करायला लाव.

आजोबा जे करायचे ते इथलं शेंबडं पोरही जाणतं. ज्याच्या हातून चूक झाली त्याची माणसं दुखावलेल्याच्या घरी जातात. पुढे कॉफीचा फिंजान, म्हणजे छोटा पेला, येतो. तो उचलून न पिता खाली ठेवायचा. घरधनी विचारतो, काय हवं. मग मागणं सांगायचं. त्याने “पी, दिलं” म्हटलं की प्यायचं. आधी प्यायलं तर मागणंच उरत नाही. खून माफ करायला हेच, मुलीला मागणी घालायला हेच.

आम्ही ते पोरांना करायला लावलं, कागदी पेल्यांत. सातवीतला एक गुंड आपल्या टोळीसकट एका घरी गेला, संत्र्याच्या रसाचा पेला खाली ठेवून ताठ बसला. ज्याचं नाक फुटलं होतं त्याची आई आतून ओरडली, “अरे पी रे बाबा, आमच्या घरात एवढी शिस्त कोणी पाळलेली नाही.” हळूहळू पोरं स्वतःच यायला लागली. मुलींच्या शाळेत तेच काम वर सांगितलेल्या व्यक्तीने सुरू केलं, आणि आमच्यापेक्षा नीट केलं. ज्याचं भांडण मिटायचं तो चाकू या डब्यात टाकायचा. कुलूप असायचं, किल्ली अबू सिराजच्या गळ्यात. कोणी पुढारी नव्हता. माझा भाऊ अनस आणि अबू कुसैंचा मुलगा कुसै, दोघं सोळा वर्षांचे, एका सायकलवरून फिरून पोरं गोळा करायचे.

कलम चौथे. एक पांढरा टी-शर्ट, एक शिट्टी आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र, हे सर्व डॉक्टर रातिब यांना परत. वारस नसताना देतोय, काझीसाहेबांनी हरकत घेऊ नये.

डॉक्टरसाहेब अम्मानहून आले. बाहेरच्या देशांतून शिकलेले, युवकांवर संस्था चालवणारे. आमचं काम त्यांना आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी ते आमच्याकडून काढूनच घेतलं. त्यांना नेत्यांची नावं हवी होती. आम्ही म्हणालो, नेता नाही. ते म्हणाले, असं कसं, फॉर्ममध्ये रकाना आहे. मग त्यांनी बोट दाखवून कुसैला प्रमुख केलं, कारण तो फोटोत बरा दिसतो. अनसला शिट्टी दिली. सायकलवर एकत्र बसणारे दोघे त्या आठवड्यापासून वेगवेगळे चालायला लागले.

मग शाळेच्या पटांगणात समारंभ. डॉक्टरसाहेबांनी डब्यातले चाकू मागवले. अबू सिराजने किल्ली द्यायला नाही म्हटलं, तर त्यांना कोणा मोठ्या साहेबांचा फोन आला आणि किल्ली द्यावी लागली. चाकू एका टेबलावर, हिरव्या मखमलीवर, ओळीने मांडले, कॅमेऱ्यासाठी. मी म्हणालो, साहेब, हे शोभेचे नाहीत. ते हसून म्हणाले, “गैथ, प्रतीकांची ताकद तुला अजून कळायची आहे.”

कुसै स्टेजवर शपथ वाचत होता. खाली उतरताना तो अनसला म्हणाला, “काय रे शिट्टीवाल्या, वाजव की.” एवढंच. चाकूंचं टेबल अनसच्या हाताच्या अंतरावर होतं.

कुसै जगला. एक मूत्रपिंड काढलं. अनसला मी स्वतः पोलिसांच्या गाडीत बसवलं, आणि बसवण्यापूर्वी त्याच्या थोबाडीत दिली, सगळ्यांसमोर. डॉक्टरसाहेबांच्या माणसांनी मखमल गुंडाळली. चाकू तसेच टाकून गेले, ते मी गोळा केले.

कलम पाचवे. माझे तीन काका यांना मी काहीही देत नाही. कारण सांगणं कायद्याने बंधनकारक नसलं तरी सांगतो.

पोलिसांनी मध्ये पडून थोड्या दिवसांचा तह करवला. तो वाढवून मागायला आमची मंडळी निळ्या दाराच्या घरी गेली. वडील, काका, मी. आणि प्रमुख म्हणून, मानाच्या जागी, डॉक्टर रातिब. काकांचं म्हणणं, मोठ्या लोकांत ऊठबस असलेला माणूस पुढे असला की वजन पडतं. मी म्हणालो, त्या माणसाला त्या दारात नेऊ नका. मोठे काका म्हणाले, “तू टँकर चालव.”

अबू कुसै स्वतः कॉफी ओतत होते. थोडी बशीत सांडली. आम्ही सगळ्यांनी फिंजान खाली ठेवले. डॉक्टरसाहेबांनी उचलला, सोबत आणलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि एका घोटात प्यायले. वर म्हणाले, “वा, वेलदोडा काय उतरलाय.”

 मोठे काका घाईने म्हणाले, “अबू कुसै, आम्ही अजून तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“उघडलंत की,” अबू कुसै म्हणाले. “मी पाहिलं.” मग ते दारापर्यंत गेले आणि दार उघडं धरून उभे राहिले. “माझा पोरगा इस्पितळात आहे. तुम्ही कॉफी प्यायलात. देव तुमचं भलं करो.”

बाहेर गल्लीत डॉक्टरसाहेब म्हणाले की या लोकांमध्ये संवादाची संस्कृतीच रुजलेली नाही. मी त्यांचा गळा धरला. तो मला काकांनीच सोडायला लावला. त्या दिवसापासून काकांना कुसैचं मूत्रपिंड दिसत नाही, स्वतःला दार दाखवलं ते दिसतं. ते म्हणतात, आम्ही गेलो, आता त्यांनी यावं. तिघांच्याही बंदुका पलंगाखालून बाहेर आल्या आहेत. हदारसींच्या गच्चीवरही माणसं चढली आहेत. शाळेतली पोरं, आमचीच पोरं, ज्यांनी रसाचे पेले खाली ठेवले होते, ती दगड जमवत आहेत. तह आज सूर्य बुडताना संपतो.

कलम सहावे, आणि या कागदाचं कारण. त्या घरात प्यायले फक्त डॉक्टर. बाकीच्यांनी उठताना रागाने फिंजान उलटे केले. मी केला नाही. माझा भरलेला, खाली ठेवलेला, तिथेच राहिला. मुंतसिरची बहीण काल कुसैच्या आईला भेटून आली. तिने सांगितलं, बाकीचे धुतले, एक फिंजान तसाच कोनाड्यात आहे, कोणाला हात लावू देत नाहीत. कोण लावू देत नाही, हे मी विचारलं नाही. मुंतसिर म्हणाला, त्याला आता बुरशी आली असेल. येऊ दे. म्हणजे माझं मागणं त्या घरात अजून उभं आहे.

आता मी तिथे एकटा जात आहे, काकांना न विचारता. ते मला घरचा मानतील की नाही ते त्यांनी ठरवावं. मी बसेन. ताजी कॉफी दिली तर ती त्याच्या शेजारी ठेवेन. मागेन ते एवढंच, की अनसला न्यायाधीशाने काय द्यायची ती शिक्षा द्यावी आणि दोन्हीकडची पोरं शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी शाळेत जावीत.

एका घरात एका माणसाचा एकच फिंजान असतो. ज्या घरात जखमेची माफी मागितली, तिथे पुढे मुलीचा हात मागता येत नाही. लोक म्हणतात सौदा केला. तो फिंजान मी दोन वर्षं मनात दुसऱ्याच कारणासाठी धरून बसलो होतो. कोणती पगडी बांधायची, वडिलांना पुढे बसवायचं, सगळं ठरलं होतं. अनस, तुला मी माझं जाकीट देत नाही, सायकल देत नाही. तुला हा फिंजान देतोय. तुरुंगात बसून याची किंमत कर.

कलम सातवे. आईला माझी गादी, माझा रेडिओ आणि माझी माफी. आई, संध्याकाळी मकलूबा केलास तर माझा वाटा झाकून ठेव. मी आलो नाही तर तो काकांना देऊ नकोस. मला काही झालं तर माझ्या नावाने कोणी बंदूक उचलायची नाही. जो उचलेल त्याने माझ्या कबरीवर येऊ नये, त्याची माती मी अंगावरून झटकेन.

डब्यातले चाकू अबू सिराजकडे आहेत. ते वितळवावेत. मखमलीवर मांडू नयेत.

सही: गैथ मुफलिह रुमैली
झरका, गुरुवार, १४ मार्च २०१९, अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर

साक्षीदार:
१. सुलेमान अव्वाद, ऊर्फ अबू सिराज, केशकर्तक
२. मुंतसिर झकी दर्वीश, बेकरी कामगार

आम्ही दोघे साक्षीदार लिहून देतो की वरील सही आमच्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीवर होता, रडला नाही, दोनदा हसला. त्याने खिशातलं सगळं आरशाखाली काढून ठेवलं, पाइप कापायचा चाकूसुद्धा. आम्ही बरोबर येतो म्हणालो, तर म्हणाला, “नको, तुम्ही आलात तर कॉफी जास्त करावी लागेल.” मग त्याने केसांवरून पाण्याचा हात फिरवला, बाहेर पाऊल टाकलं आणि मागे दार ओढून घेतलं.