नवशिक्याला झेपणारी प्रवाळं

कांजूरमार्ग (पूर्व),
गोकुळाष्टमीनंतरचा सोमवार

तीर्थरूप रत्नप्रभाताईस,

धाकट्या नंदूचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला तुमच्या वाडीतली दोन माणसं बोलवावी लागतील.) तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि अंगणातला तो चावरा बोका, तिघंही बरे असतील असं धरून चालतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे, जिचा इथे कोणालाच उपयोग नाही. माणिकचं पुढे लिहितो. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. आमच्या भिंती अशा आहेत की मी स्वयंपाकघरात कुजबुजलो तरी तिला पलंगावर ऐकू जातं, आणि आजकाल माझ्या बोलण्यात तिला ऐकू जाऊ नये असंच जास्त असतं.

इस्पितळातून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि आता त्यांना जे हवं ते द्या, असं सांगितलं. मी त्याचा अर्थ पथ्य संपलं असा घेतला आणि आनंदाने जाऊन पापलेट आणलं. (हसू नकोस. जन्मभर अंधेरीच्या कारखान्यात माल तपासून 'पास' आणि 'नापास' करणाऱ्या माणसाला साधं वाक्य तपासता आलं नाही.) पापलेट मी एकट्याने खाल्लं. माणिकला काय हवं होतं, तर समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी आणि तीत जिवंत प्रवाळं! मला एकदम भरून आलं. तिच्या वडिलांची होडी, मालवणचा किल्ला, होडीतून वाकून तळ बघणारी परकरी पोर, सगळं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि ते मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो. दुसऱ्या मजल्यावरचे भाऊराव म्हणाले, पेटी कशाला, पोवळ्याची अंगठी घाला वहिनींना, मंगळ शांत होईल. आता मंगळ आणखी काय शांत करणार आहे, हे मी त्यांना विचारलं नाही.

घाटकोपरला चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचं माशांचं दुकान आहे. तो माशांबद्दल वधूवर सूचक मंडळासारखा बोलतो: हा शांत आहे, हा घर सोडत नाही, ह्याचं कोणाशी पटत नाही. त्याने आधीच सांगितलं की दगडासारखी कठीण प्रवाळं आपल्या समुद्रातून काढायला कायद्याने बंदी आहे, ती विचारूच नका. टाकीत वाढवलेली मऊ जातीची देतो. त्यांतलं झेनिया नावाचं एक मला फार आवडलं. त्याला इवले इवले हात असतात आणि ते दिवसभर मिटतात, उघडतात. मी हौसेने माणिकला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. तिने बाजारात वांगी बघावीत तसं ते बघितलं आणि मोडीत काढलं. "दिसाक कसाय चलात, टिकाक व्हया," म्हणाली. मग मला फोन दुकानदाराकडे द्यायला लावला आणि मला पंप बघायला पिटाळलं. दोघांचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. चंद्रप्रकाश, जो कधी गप्प बसत नाही, तो नुसता मान हलवत होता. मला वाटलं, घासाघीस चालली असेल.

ठरलं ते असं: मशरूम नावाचं एक, लेदर नावाचं एक आणि दगडावर हिरवळीसारखं पसरणारं एक. मशरूमला उजेड मंद चालतो, पाणी जरा मळकं असलं तरी चालतं आणि कोणी विचारपूस केली नाही तरी ते जगतं, म्हणजे आमच्या कांजूरमार्गचंच रहिवासी म्हणायचं. (कचऱ्याच्या डम्पिंगवरून वारा आला की आम्हीही असेच अंग आक्रसून बसतो.) लेदर म्हणजे भिजलेल्या कोल्हापुरी चपलेचा तुकडा. पाहुण्यांना कौतुकाने दाखवावं असं त्यात काही नाही. पण लगेच काही घालता येत नाही, म्हणे. नुसतं खारं पाणी फिरवत ठेवायचं, ते पिकायला, म्हणजे त्यात जीव जगण्याजोगं व्हायला, महिना-दीड महिना जातो. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा माणिक छताकडे बघत म्हणाली, "तितको येळ माझ्याकडे आसा काय, ता आधी इचारा त्याका." आणि हसली. मलाही हसावं लागलं. नंतर मी बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभा होतो.

पाणी पिकलं. माणिकही राहिली. प्रवाळं आली, आणि त्यांच्याबरोबर तिची नजर चुकवून आणलेलं माझं झेनियाही आलं. तिने ते बघितलं आणि मोडीत काढलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आता माझी दिनचर्या ऐक. पेटीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं. एक दिवस चुकवून चालत नाही. पाणी तापू नये म्हणून घरातला एकमेव उभा पंखा पेटीकडे तोंड करून असतो आणि मी घामाने निथळत त्याच्या पाठीमागे बसतो.

अशात नारळी पौर्णिमा आली. लग्न झाल्यापासून आम्ही दर वर्षी वर्सोव्याला जाऊन समुद्राला नारळ देत आलो, हे तुला माहीत आहे. यंदा माणिकला कुशीवर वळायलाही माझा हात लागतो. ती म्हणाली, समुद्र घरात आहे, इथेच द्या. ताई, पाण्यात चिमूटभर औषधसुद्धा परस्पर घालू नये हे मला तोंडपाठ होतं. पण तिने नीट पदर घेतला होता. मी शेंडीचा नारळ घेतला, हळदकुंकू वाहिलं आणि तो भलामोठा नारळ दोन फुटी समुद्रात सोडला. समुद्राला लगेच भरती आली. पाणी काठावरून खाली, खाली एक्स्टेन्शन बोर्ड, फट् करून घर अंधारात आणि पंप बंद. मी पाण्यात उभा राहून मेन स्विच शोधतो आहे, नारळ डुलत डुलत झेनियाला धडका देतो आहे, कुंकवाने पाणी लाल, आणि माणिक डोळे मिटून, हात जोडून समुद्राशी काहीतरी बोलते आहे. ती काय बोलली ते मला कळलं नाही.

मी बादल्याच्या बादल्या पाणी बदललं, तरी झेनिया वाचलं नाही. विरघळून त्याची चक्क पेज झाली. मशरूम मिटलं. लेदर काळवंडलं, त्याची सालं निघायला लागली, तेही मेलं म्हणून मी उचलून टाकायला निघालो होतो. चंद्रप्रकाश म्हणाला, मेलं नाही, रुसलंय, कात टाकेल आणि फुलेल, हात लावू नका. माणिकला हे सांगितलं तर म्हणाली, "तुमच्यासारख्याच आसा." झेनियासाठी मी रडलो. मोठा माणूस, वाटीभर चिखलासाठी ओक्साबोक्शी रडलो. तिने मला रडू दिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो ठेवायला तिला बराच वेळ लागला.

परवा लेदर फुललं. मशरूम कालच उघडलं. माणिक बहुतेक वेळ झोपून असते. उभा पंखा आता मी तिच्याकडे फिरवला आहे, प्रवाळांची तक्रार नाही. तुझा भाचा केयूर ऑकलंडहून रोज फोन करतो आणि आधी पेटीचं विचारतो, कारण दुसरं विचारायचा त्याला धीर होत नाही. बाकी इकडे सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, बोक्याला माझ्यातर्फे लांबूनच.

तुझा,
नंदकिशोर

ता. क. खाजं पाठवू नकोस. तिला पेजेचं पाणीही चमच्याने द्यावं लागतं. मागचं सगळं मीच संपवलं आणि "तूच खाल्लंस" असं तिला सांगितलं. तिने हो म्हटलं.

ता. क. आणखी एक. काल एकदम आठवलं की माणिकला होडी लागते. लग्नानंतर आपण किल्ल्यात जायला निघालो होतो आणि तिच्यापायी धक्क्यावरूनच परत फिरलो, तू होतीस की बरोबर. मग होडीतून वाकून प्रवाळं बघितली कोणी? मी चंद्रप्रकाशला फोन करून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. त्या दिवशी तिने त्याला म्हटलं होतं, ह्यांच्या हातून तुळससुद्धा जगत नाही. रोज सकाळी उठून पाणी घालावंच लागेल, आणि काही चुकलं तरी मरणार नाही, असं द्या. माणूस नवशिका आहे.

ता. क. ताई, तू ये. मिळेल त्या गाडीने ये. येताना नारळ आणू नकोस. सकाळी उठून मी पाणी घालीन, तेवढं मला जमेल. पण ते घालून झाल्यावर संध्याकाळपर्यंत काय करायचं, ते तिने चंद्रप्रकाशला सांगितलेलं नाही.