चंद्रभानचं पथ्य

८ नोव्हेंबर १९४३, नागपूर
नोकरी लागली. सीताबर्डीची खानावळ बंद पडल्यापासून घरी बसून होतो, आणि गोपिकाला आता सातवा महिना. सदर बाजारातल्या महादेवरावांच्या लॉरीवर स्वयंपाकी म्हणून उद्या निघायचं. लॉरी संत्री घेऊन जबलपूरला जाते, येताना चुन्याची पोती आणते. ड्रायव्हर चंद्रभान बारा महिने लॉरीतच राहतो. रस्त्यावरची तिखट भजी खाऊन आणि काळा चहा पिऊन त्याच्या आतड्यात व्रण झालाय. डॉक्टरांनी तिखट आणि चहा बंद केलाय, मऊ अन्न वेळेवर द्यायला सांगितलंय. त्यासाठीच मी. आधीचा स्वयंपाकी कवडू वाटेत काम टाकून पळाला म्हणे. चंद्रभान थोराड आहे, गाल मात्र बसलेले. माझी वळकटी आजच ठेवायला गेलो, तर ती त्याने स्वतः वर घेतली आणि म्हणाला, "आता माह्या पोटाची काळजी तुले."

१० नोव्हेंबर, खवासा
चाकांवरचा संसार मोठा मजेचा. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून लॉरी कोळशाच्या गॅसवर चालते. मागे माणसाएवढं लोखंडी पिंप, त्यात कोळसा धुमसत असतो. निघताना मुगाच्या डाळीचा डबा पिंपाला तारेने बांधला की थांबेपर्यंत वरण शिजून तयार. भाकरी तेवढी उतरल्यावर, तीन दगडांच्या चुलीवर. पीठमीठ संत्र्यांच्या करंड्यांमध्ये दाबून ठेवतो म्हणजे हिंदकळत नाही. पुढच्या गावांत पटकीची साथ आहे आणि औषध मिळत नाही, म्हणून पाणी उकळूनच भरतो. सकाळी चंद्रभानला लॉरीभोवती फेऱ्या मारायला लावतो. दिवसभर चाक धरून बसलेल्याचं पोट साफ कसं होणार? तो कुरकुरतो, पण चालतो. ताकातली पेज त्याला मानवली. काल पहिल्यांदाच कळ आली नाही, म्हणाला.

१९ नोव्हेंबर, शिवनी
दुसरी खेप. दुपारी चंद्रभानच्या पोटात कळ उठली. त्याने गरम वरणाची थाळी माझ्या तोंडावर मारली. गालावर आणि मानेवर फोड आलेत. वरणाला कडसर वास होता असं त्याचं म्हणणं. मी तेच खाल्लं होतं, हे त्याला दोनदा सांगितलं. संध्याकाळपासून तो मला आधी खायला लावतो, आणि माझ्या गळ्याकडे बघत राहतो. घास खाली उतरला की मगच हात धुतो.

२३ नोव्हेंबर, नागपूर
महादेवरावांना फोड दाखवले. ते म्हणाले, ड्रायव्हर आहेत कुठे, सगळे मिलिटरीच्या गाड्यांवर गेले. आणखी एवढी खेप सांभाळून घे, मग बघू. घरी गोपिकाचे पाय सुजलेत, तांदूळ संपत आलाय. गाल चुलीवर भाजला असं तिला सांगितलं. तिने तूप लावलं.
जातो.

२७ नोव्हेंबर, लखनादौन
आज पहिली भाकरी त्याने एका कुत्र्याला घातली. कुत्र्याने खाल्ली आणि ते लॉरीच्या सावलीत पसरलं. ऊन होतं, दुसरं काही नाही. चंद्रभानने मला मानेला धरून तिथं नेलं आणि म्हणाला, "पाह्य, मरून राहिलं." कुत्र्याने शेपटी हलवली. चंद्रभानने इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल घेतलं आणि कुत्र्याच्या डोक्यात घातलं. पुन्हा पुन्हा. मग हँडल माझ्या धोतराला पुसलं.
म्हणाला, पाहिलं ना, मेलं.

२९ नोव्हेंबर, जबलपूर
बाजारात मिठाला जातो सांगून निघालो होतो. पळणारच होतो. त्याने गल्लीतून ओढत आणलं. लोक बघत होते. लॉरीच्या फळीवर माझा डावा हात ठेवला आणि हँडल मारलं. दोन बोटं मोडली.
मग शांतपणे पाणी पाजलं आणि कवडूचं सांगितलं. कवडू पळाला नव्हता. "त्यानं बी मले विष घातलं. म्या त्याले कुरईच्या घाटात उतरवला." कुठल्या वळणावर तेही सांगितलं.
माल बांधायच्या साखळीने माझा पाय आता पिंपाच्या चौकटीला बांधलाय. कुलुपाची किल्ली त्याच्या कंबरेला. साखळी खाली चुलीपर्यंत पुरते.

१ डिसेंबर, कुरई घाटाच्या माथ्यावर
सकाळी त्याला ओकारी झाली. काळं रक्त. तोंड पुसून त्याने मला लाथा घातल्या, बरगडी गेली असावी, श्वास घेताना— मग म्हणाला, जेवण कर. जेवून तुलेही उतरवतो.
चुलीमागे धोत्रा आहे. बोंडं तडकलेली. हात पोचतो.
आजवर त्याच्या अन्नात मीठसुद्धा मापून घातलं. देवा—
बिया वाटल्या. वरणात घातल्या.

दुपार
मला आधी खायला लावलं. माहीत होतं. दुसरा उपाय नव्हता. चार घास गिळले, तो गळ्याकडे बघत होता. मग जेवायला बसला. सगळं खाल्लं, डबा बोटाने पुसून. म्हणाला, "आज चांगलं झालं गा, केशव." इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाव घेतलं.
तो निजला की किल्ली काढीन. मागे पोत्यांवर बसून लिहितोय. गोपिकाला कळावं.

थोड्या वेळाने
घसा कोरडा. थुंकी नाही. अक्षरं फाटून दोन दोन दिसतात.
ओकायला बोट घातलं, काही आलं नाही.
तो निजला नाही. उभा आहे. झाडाशी बोलतोय, हसतोय. साखळीला हिसका दिला— पाय सोलला— चौकट हलत नाही

पुढे जाऊन बसला
दार लावलं. ओरडून विचारतोय, केशव, बसला काय गा नीट
चाकाखालचे दगड काढलेत त्याने. मघाशी. मी पाहिलं नाही
खाली उतार आहे
हलली— इंजिन बंद आहे आणि हलली
पोती सरकतायत. तो गातोय. ओरडलो, चंद्रभान, ब्रेक—
पहिलं वळण घेतलं. घेतलं त्याने. झाडं जोरात
पुढे दुसरं— तो चाक सोडून मागे वळून माझ्याकडे बघतो— दोन्ही हात वर—
गोपिका, पोराला